सुई की गोळी?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शिवाजी पार्क येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



पहाटे साडेपाचच्या सुमारास शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. १९२५ साली माहीम पार्क या नावाने खुल्या झालेल्या आणि १९२७ साली शिवछत्रपतींचे नाव धारण केलेल्या या मैदानाची एक प्रदक्षिणा सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. चार-पाच फेऱ्या पूर्ण करून कट्ट्यावर विसावलेल्या मंडळींच्या गप्पांत क्रिकेट, राजकारण आणि गुडघेदुखी हे तीन विषय पूर्वापार ठरलेले. अलीकडे त्यांत चौथ्या विषयाची भर पडली आहे, तो म्हणजे वजन उतरविणारे इंजेक्शन. कोणाच्या भाच्याचे चौदा किलो उतरले, कोणाच्या विहीणबाईंना उलट्यांनी हैराण केले, कोणाला म्हणे आता तेच औषध गोळीतही मिळते. ऐकणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो की सुई बरी की गोळी?

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी तीन उपप्रश्न जोडलेले असतात. या औषधात प्राणिज अंश आहे काय? ते चौविहार, एकासणे, अठ्ठाई यांच्याशी जुळते काय? आणि ज्याच्या ताटात आधीच कंदमुळे नाहीत, अंडी नाहीत, त्याची भूकही औषधाने मंदावली तर त्याच्या अंगात बळ कोठून यावयाचे? डॉक्टरांच्या दवाखान्यात पाच-सात मिनिटांच्या भेटीत हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. संकोच आड येतो. प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू या प्रश्नांना वाट करून देणे हाच आहे.

प्रथम रोगाचा विचार करू. भारतीय माणसाचे शरीर एका बाबतीत फसवे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा 'बॉडी मास इंडेक्स' दोघांचाही नेमका २२.३ होता. मात्र चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबीयुक्त, अशी ही आपली ठेवण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता मानण्याची शिफारस आहे, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे तज्ज्ञ सांगतात. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर वाढलेल्यांचे प्रमाण तर शंभरात जवळजवळ चाळीस भरले. दादर-माहीम परिसराला हा विषय नवा नाही. डॉ. एस. एस. आजगावकर यांनी १९५५ साली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना केली आणि पुढे याच संस्थेच्या प्रयत्नांतून माहीमचे रहेजा रुग्णालय उभे राहिले. शिवाजी पार्कपासून ते हाकेच्या अंतरावर आहे. मधुमेह्याला समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे, हा विचार या परिसरात सत्तर वर्षांपासून रुजलेला आहे.

वजन उतरविणाऱ्या गोळ्यांचा पूर्वेतिहास काही फारसा उज्ज्वल नाही. सिब्युट्रामीन नावाची भूक मारणारी गोळी भारतात कित्येक वर्षे विकली जात होती. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका लक्षात आल्यावर २०११ साली तिच्यावर बंदी आली. रिमोनाबांट नावाची दुसरी गोळी २००८ साली युरोपात मागे घेण्यात आली, कारण ती घेणाऱ्यांत नैराश्याचे व आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण वाढलेले आढळले. ऑर्लिस्टॅट टिकून आहे. आहारातील सुमारे तीस टक्के चरबी ते पचू देत नाही, पण न पचलेले तूप-तेल शौचावाटे बाहेर पडताना जी फजिती होते तिच्यामुळे बहुतेक जण महिन्या-दोन महिन्यांत ते सोडून देतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. तेव्हा नव्या औषधांबद्दल जुन्याजाणत्या डॉक्टरांनी साशंक राहावे यात नवल नाही.

मग नव्या औषधांत वेगळे काय? अन्न आतड्यात पोहोचले की आतड्याच्या भिंतीतून जी. एल. पी.-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा संकेत देते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मेंदूला 'पुरे झाले' असा निरोप पाठवते. निसर्गाने मात्र त्याला आयुष्य दिले ते अवघे दोन मिनिटांचे. एक विकर त्याचे तुकडे करून टाकते. शास्त्रज्ञांनी दोन वाटा शोधल्या. पहिली, त्या विकरालाच आवर घालण्याची. बाजारातील 'ग्लिप्टिन' वर्गातील गोळ्या हेच करतात. त्यांनी साखर थोडी उतरते, वजन मात्र जिथल्या तिथे राहते. दुसरी वाट, संप्रेरकाची अशी प्रतिकृती घडविण्याची की जिला ते विकर लवकर तोडू शकणार नाही. सेमाग्लुटाइड ही अशी प्रतिकृती असून ती रक्तात आठवडाभर टिकून राहते. टिर्झेपटाइड हे तिचे धाकटे भावंड, ते जी. एल. पी.-१ बरोबर जी. आय. पी. या आणखी एका संप्रेरकाचेही काम करते.

येथे एका अफवेचा निरास करावयास हवा. 'हे औषध पालीच्या विषापासून काढतात' असे कट्ट्यावर सांगितले जाते. त्यात तथ्याचा कण आहे, पण तो भलत्याच ठिकाणी चिकटला आहे. अमेरिकेतील गिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या विषात असे एक द्रव्य डॉ. जॉन एंग यांना आढळले, त्याचा शोधनिबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि २००५ साली त्यावरून एक्झेनाटाइड हे इंजेक्शन आले. तेही प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने तयार केलेले होते. आजचे सेमाग्लुटाइड मानवी संप्रेरकाच्या रचनेवर आधारलेले आहे. सरड्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता सुई आणि गोळी यांच्या मूळ भेदाकडे येऊ. सेमाग्लुटाइड हे प्रथिनाच्या जातीचे द्रव्य आहे, आणि डाळीतील प्रथिन व औषधातील प्रथिन यांत जठररस भेद करीत नाही. दोन्ही पचवून टाकतो. १९२२ साली टोरांटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचावे लागले ते याच कारणाने, आणि शंभर वर्षे उलटली तरी इन्सुलिनची गोळी बाजारात आलेली नाही. सेमाग्लुटाइडच्या बाबतीत मात्र एक युक्ती साधली. 'स्नॅक' या नावाने ओळखले जाणारे एक साहाय्यक द्रव्य गोळीत मिसळले. गोळी जठराच्या भिंतीशी विरघळत असताना हे द्रव्य तेवढ्या जागेपुरती आम्लता कमी करते व औषधाला आत शिरण्यास वाट करून देते. तरीही शंभर भागांपैकी जेमतेम एक भाग रक्तात पोहोचतो. बाकीचे सारे वाया. हिशेबच करून पाहावा: वजन उतरविण्यासाठी इंजेक्शनची पूर्ण मात्रा आठवड्याला २.४ मिलिग्रॅम, तर त्याच कामासाठी गोळीची मात्रा रोज २५, म्हणजे आठवड्याला १७५ मिलिग्रॅम.

एवढ्या उधळपट्टीमुळे गोळीचे पथ्य कडक आहे. ती सकाळी पूर्ण रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून कमी, म्हणजे १२० मिलिलीटरपेक्षा जास्त नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा, नाश्ता, दुसरी गोळी, काहीही नाही. चहाचा एक घोट आधी गेला तरी त्या दिवशीची गोळी जवळजवळ व्यर्थ. अनेकांना 'गोळीने काही फरक पडला नाही' असे वाटते त्याचे कारण औषधात नसून चहाच्या कपात असते. मुंबईच्या दमट हवेचाही एक धडा आहे: ही गोळी ओलाव्याने खराब होते, म्हणून ती पाकिटातून काढून आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत भरून ठेवू नये, घेतेवेळीच पाकीट फोडावे.

गुण किती येतो? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ व्यक्तींनी भाग घेतला होता. त्यांतील सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले. नुसते पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. टिर्झेपटाइडची २०२२ सालची चाचणी त्याहून पुढे गेली. सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के घट झाली. २०२५ साली या दोन इंजेक्शनांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा टिर्झेपटाइडने २०.२ तर सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के वजन उतरविले. गोळीचे काय? सेमाग्लुटाइडच्या २५ मिलिग्रॅमच्या गोळीने ६४ आठवड्यांत १३.६ टक्के घट साधली आणि डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत तिला वजनासाठी मान्यता मिळाली. द्रव्य एकच असल्याने पथ्य पाळले तर सुई आणि गोळी यांच्या फळात फारसे अंतर उरत नाही, हा या आकड्यांचा अर्थ. भारतात सेमाग्लुटाइडची गोळी जानेवारी २०२२ पासून उपलब्ध आहे, पण ती ३, ७ व १४ मिलिग्रॅमची असून मधुमेहासाठी आहे. तिच्याकडून इंजेक्शनाएवढे वजन उतरण्याची अपेक्षा ठेवणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

ऑर्फोर्ग्लिप्रॉन नावाच्या आणखी एका गोळीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. हे प्रथिन नसून साधे रासायनिक द्रव्य असल्याने जठररसाची त्याला भीती नाही. पाण्याचे माप नको, अर्ध्या तासाची वाट पाहणे नको. सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे ११ टक्के घट दिसली. अशा गोळ्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनविणे सोपे असते, त्यांना शीतपेटी लागत नाही. परंतु याच जातीच्या डॅन्युग्लिप्रॉन या दुसऱ्या गोळीचे संशोधन एका रुग्णाच्या यकृताला इजा झाल्याचे आढळल्यावर एप्रिल २०२५ मध्ये कंपनीला थांबवावे लागले. गोळी दिसायला सौम्य म्हणून ती सौम्यच असेल, असे मानण्याची सोय नाही.

केवळ वजनाचे आकडे पाहूनही चालत नाही. २०२३ सालच्या १७,६०४ व्यक्तींच्या चाचणीत सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाने हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींतील हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयामुळे होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. २०२५ साली गोळीच्या बाबतीत ९,६५० मधुमेही रुग्णांत तेच प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आरशातील रूपापेक्षा हा लाभ कितीतरी मोठा आहे, आणि ज्यांना तो हवा आहे ते लोक बहुधा लग्नाच्या हॉलमध्ये नव्हे, हृदयरोगतज्ज्ञाच्या प्रतीक्षागृहात बसलेले असतात.

लग्नाचा उल्लेख निघाला म्हणून सांगावयाचे. 'तीन महिन्यांवर लग्न आहे, तेवढ्यापुरते इंजेक्शन घेऊ' ही कल्पना हिशेबातच बसत नाही. सेमाग्लुटाइडची मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी वाढवत न्यावी लागते. पूर्ण मात्रेला पोहोचण्यासच सोळा आठवडे लागतात. घाईने मात्रा वाढविली तर वधू मांडवात न बसता सलाईन लावून बसेल. शिवाय ही औषधे बॉडी मास इंडेक्स ३० च्या वर असणाऱ्यांसाठी, किंवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार जडलेल्यांसाठी आहेत. सहा किलो कमी करून जुना शालू अंगावर चढावा, हे कारण त्यात बसत नाही.

आता भक्ष्याभक्ष्याचा प्रश्न. पूर्वीचे इन्सुलिन गायीच्या व डुकराच्या स्वादुपिंडापासून काढीत, आणि कित्येक जैन कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी ते घेताना मनात केवढी घालमेल सोसली असेल याची आज कल्पनाच करावी. १९८२ साली जिवाणूंकरवी मानवी इन्सुलिन तयार होऊ लागले. २००३ साली वोखार्ट कंपनीने आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ते किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या साहाय्याने बनविले. मूळ सेमाग्लुटाइडही यीस्टपासून घडविलेल्या साखळीवर रासायनिक संस्कार करून तयार होते. टिर्झेपटाइड व ऑर्फोर्ग्लिप्रॉन ही रासायनिक पद्धतीने बनतात. यांत पशूच्या शरीरातून काढलेले द्रव्य नाही. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनात पाणी, क्षार, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि फिनॉल हे साहाय्यक पदार्थ असतात. गोळीत मात्र मॅग्नेशियम स्टिअरेट असते, आणि हे द्रव्य वनस्पतिजन्य वा प्राणिजन्य अशा दोन्ही प्रकारे मिळू शकते. ऑर्लिस्टॅटसारख्या कॅप्सूलची बाब अधिक उघड आहे. जिलेटिनचे कवच जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर दिसणारे हिरवे वा तपकिरी चिन्ह औषधांवर सापडत नाही. तेव्हा ज्यांना नेमकी माहिती हवी त्यांनी कंपनीला पत्र वा ई-मेल पाठवून घटकांचा उगम विचारावा. असे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि विचारणारे वाढले की उत्तरेही सुधारतात. एक गोष्ट मात्र प्रांजळपणे मान्य करावयास हवी. बाजारात येण्यापूर्वी या औषधांची प्राण्यांवर चाचणी झालेली असते, आणि हा दोष सुईलाही चुकत नाही, गोळीलाही नाही. त्याचा निवाडा ज्याने त्याने गुरुमहाराजांना विचारून करावा. तो व्याख्यानाचा अधिकार नव्हे.

व्रत-नियमांच्या बाबतीत एक सुखद योगायोग दिसतो. चौविहार करणारा श्रावक सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, पाण्याचा थेंबही घेत नाही. सेमाग्लुटाइडच्या गोळीला जे रिकामे पोट हवे असते ते त्याच्यापाशी आपसूकच तयार असते. नवकारशी पारून अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि चहा अर्धा तास लांबवावा, एवढेच. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच घ्यावी लागते, म्हणून ज्यांना दोन्ही आहेत त्यांनी क्रम व अंतर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. इंजेक्शनाला आहाराचे बंधन नाही. आठवड्याचा एक वार ठरवून ते केव्हाही घेता येते.

मात्र तपाचे दिवस आले की सावध व्हावे लागते, आणि येथे जीवावर बेतू शकते. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्यांत मधुमेही असतात. 'धर्माच्या कामात औषध कशाला आठवायचे' असे म्हणून ते डॉक्टरांना कळवीतही नाहीत. सेमाग्लुटाइड वा टिर्झेपटाइड एकटे असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. पण सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासात साखर एकदम घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्याहून फसवा धोका 'ग्लिफ्लोझिन' वर्गातील गोळ्यांचा आहे. डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्यापासून त्या घरोघरी पोहोचल्या आहेत. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. दीर्घ उपवासात त्या चालू राहिल्या तर रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात, आणि ग्लुकोमीटरवर साखर जवळजवळ नेहमीसारखी दिसत असतानाच रुग्ण अत्यवस्थ होतो. मळमळ, पोटदुखी, धाप ही लक्षणे घरचे लोक 'तपाची अशक्तता' समजून सोडून देतात, आणि तोच वेळ हातातून जातो. या गोळ्या दीर्घ उपवासाच्या निदान तीन दिवस आधी थांबविण्याचा विचार डॉक्टर करतात. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी दोन ठिकाणी विचारणे आवश्यक आहे, एक गुरुमहाराजांकडे आणि दुसरे दवाखान्यात.

नव्या औषधांचा तपाशी आणखी एक विरोध आहे. पचन मंदावलेले असताना एकासण्याचे एकच भरगच्च जेवण घेतले तर ते तासन्‌तास पोटात दगडासारखे पडून राहते, उलट्या होतात, आणि सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असल्याने शरीरातील पाणी आटून मूत्रपिंडावर ताण येतो. कोणी म्हणेल, अठ्ठाईपुरती गोळी बंद करू, गोळीचा हाच तर फायदा. हा समज चुकीचा आहे. द्रव्य तेच असल्याने गोळीतून गेलेले सेमाग्लुटाइडही रक्तात तितकाच काळ रेंगाळते; दर आठवड्याला ते निम्मे होते आणि पुरते निघून जाण्यास पाचेक आठवडे लागतात. पर्युषणाचा विचार करावयाचा तर तो श्रावणाच्या आरंभीच करावा लागतो.

ऊणोदरी हे बाह्य तपांपैकी दुसरे तप. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे हे त्याचे स्वरूप. औषधाने भूकच हरपली तर ती ऊणोदरी होते काय, असा प्रश्न एखादा चिकित्सक श्रोता विचारील. वैद्यकशास्त्रापाशी त्याचे उत्तर नाही. पण एवढे खरे की तपात माणूस भुकेकडे पाहत असतो आणि औषधात ती त्याला दिसेनाशी होते, त्यामुळे काय खाल्ले नाही याचेही भान सुटते. शाकाहारी माणसाला नेमके हेच बाधते. या औषधांनी जे वजन उतरते त्यातील पाव ते दोन-पंचमांश हिस्सा चरबीचा नसून स्नायू व अन्य ऊतींचा असतो, असे चाचण्यांत दिसले आहे. साठीपुढच्या माणसाचे स्नायू गेले की जिना चढणे अवघड होते, पडणे वाढते, खुब्याचे हाड मोडते. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाकाठी सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत असे धरले, तर शंभर ग्रॅम कच्च्या मूगडाळीतून त्याला सुमारे चोवीस, शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे अठरा ग्रॅम मिळतात. ताटात दोन खाकरे आणि वाटीभर वरण एवढेच राहिले तर बेरीज कशी जुळावी? तेव्हा आधी डाळ, दही, पनीर, सोयाबीन आणि मग भात-पोळी असा घासांचा क्रम उलटा करावा, आणि कट्ट्याच्या फेऱ्यांच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा. फेऱ्यांनी हृदयाचे भले होते, दंड-मांड्यांचे तेवढे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाकडेही लक्ष हवे. शाकाहाराने ते आधीच कमी पडते, आणि मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने आणखी घटते. हातापायांतील मुंग्यांना सरसकट 'साखरेच्या मुंग्या' म्हणण्यापूर्वी ही एक तपासणी करावी.

मेटफॉर्मिनचे नाव निघाले ते बरे झाले, कारण नव्याच्या झगमगाटात जुने विसरले जाते. काही रुपयांत मिळणारी ही गोळी १९५७ पासून मधुमेहासाठी वापरात आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाने पुढील मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी घटला. ज्याचे दहा-बारा किलोच जास्त आहेत आणि साखर नुकतीच वाढू लागली आहे, त्याने सुई की गोळी या वादात पडण्यापूर्वी या दोन आकड्यांकडे पाहावे.

खर्चाचे गणितही मांडावयास हवे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती; म्हणजे चार आठवड्यांना चौदा ते साडेसतरा हजार. जून २०२५ मध्ये आलेल्या सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या इंजेक्शनाची सर्वांत लहान मात्राही महिन्याला १७,३४५ रुपयांना पडे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १०,८५० वर आली. मार्च २०२६ मध्ये भारतातील पेटंटची मुदत संपून देशी कंपन्यांना मार्ग मोकळा झाला. स्वस्ताई स्वागतार्ह आहे, पण औषध थांबविल्यावर काय होते हे ध्यानात घेऊनच तिचा हिशेब करावा. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले, असे २०२२ साली दिसून आले. सुई असो वा गोळी, हे पंधरा दिवसांचे औषध नसून रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळचे आहे. वर्षभर परवडेल की नाही हे पाहून मगच पहिली मात्रा घ्यावी.

काहींनी यांतील कोणत्याही औषधाच्या वाटेस जाऊ नये. कुटुंबात थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि दोन महिन्यांत गर्भधारणेचा विचार असणाऱ्या स्त्रियांनी ही औषधे टाळावीत. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्यांनी तो पूर्वेतिहास डॉक्टरांना आधी सांगावा. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला असेल तर आधी नेत्रतज्ज्ञाची तपासणी हवी, कारण साखर झपाट्याने उतरली की तो विकार तात्पुरता बळावू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे; उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.

मग सुई की गोळी? ज्याला भरपूर वजन उतरवावयाचे आहे, ज्याची सकाळ धावपळीची आहे, ज्याला रोजचे पथ्य पाळणे जमत नाही, त्याला आठवड्याची सुई सोयीची. तिची टोचणी डासाच्या चाव्याहून अधिक नसते, हे पहिल्या खेपेनंतर बहुतेक जण कबूल करतात. ज्याला सुईची धास्ती आहे, ज्याचा चौविहार नियमित आहे, यात्रेला गेल्यावर धर्मशाळेत जेथे फ्रिज नसतो, त्याला गोळी सोयीची. न वापरलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि बर्फात गोठले तर फेकून द्यावे लागते. एकच पेन पती-पत्नीने सुई बदलून वापरू नये. काटकसरीच्या नावाखाली हे घडते आणि रक्तातून पसरणारे रोग त्यातून संक्रमित होऊ शकतात.

शेवटी वापरलेल्या सुयांविषयी. त्या घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात गेल्या की टोचतात त्या पहाटे आपल्या इमारतीचा कचरा उपसणाऱ्या सफाई कामगाराच्या हाताला. जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्यावी, सुई टोपण न लावता तीत टाकावी, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून तीवर 'सुया' असे ठळक मराठीत लिहावे. महापालिकेने २०२५ मध्ये घरगुती सॅनिटरी व विशेष काळजीच्या कचऱ्याचे स्वतंत्र संकलन सुरू केले असून गृहनिर्माण संस्थांना त्यासाठी नोंदणी करता येते. आपल्या सोसायटीची नोंदणी झाली आहे काय, हे सचिवांना विचारून घ्यावे.